सर कोणाचे?

आमच्या वरच्या खोलीत राहणारे सर आपणहून कधी कुणाला नमस्कार करत नसत. समोरचा काय म्हणतो याची वाट बघत थांबायचे. आमच्या गल्लीत कुणी ‘जय भीम’ म्हटलं की तेही ‘जय भीम’ म्हणायचे. बाजारात ‘राम राम’ आला की ‘राम राम’. पंक्चरच्या दुकानातले चाचा ‘सलाम सर’ म्हणाले की ‘सलाम चाचा’. आणि एखादा नुसताच बघत उभा राहिला, तर सरही नुसतेच बघत उभे राहायचे. पोस्टाच्या दारात ते आणि नवीन बदलून आलेले एक कारकून असे कितीतरी वेळ एकमेकांकडे बघत उभे राहिलेले मी पाहिलेत. शेवटी दोघंही न बोलता आपापल्या वाटेनं गेले.

सर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. परभणीहून जिंतूरला जाताना फाट्यावर आत वळलं की आमचं गाव. कॉलेज गावाच्या एका टोकाला, आणि आमची बौद्ध वस्ती दुसऱ्या टोकाला, विहाराच्या मागे. मी बी.ए.ला होते तेव्हा ते आमच्याकडे भाडेकरू म्हणून आले आणि शेवटपर्यंत राहिले. आता मी परभणीत इंग्रजी शिकवते. तुमचे सर कसे होते, असं कुणी विचारलं की मी उत्साहानं सांगायला लागते आणि मध्येच अडकते. कारण आमच्याकडे माणूस कसा आहे हे सांगायच्या आधी तो कोण आहे हे सांगावं लागतं, आणि ते मला आजही माहीत नाही.

आडनावावरून कळायला मार्ग नव्हता. ते आडनाव मराठ्यांत आहे, आमच्यात आहे, धनगरांत आहे, आणि शोधलं तर माळ्यांतही निघेल. मग लोक गाव विचारायचे.

“आमचं गाव येलदरीच्या धरणात गेलं,” सर सांगायचे.

“पण कोणतं?”

“पाण्याखालच्या गावाला आता कसलं नाव आणि कसली वेस.”

पाहुणे कुठले, असं विचारलं तर म्हणायचे, “आले की ओळख करून देतो.” पण पाहुणे कधी आलेच नाहीत.

यामुळेच त्यांना गावात खोली मिळाली नाही. पगार चांगला, माणूस एकटा, दारू नाही, विडी नाही. तरी प्रत्येक घरमालक शेवटी त्याच प्रश्नाशी येऊन थांबायचा आणि सर उत्तर द्यायचे नाहीत. फिरत फिरत ते आमच्या दारात आले. उंच, किंचित वाकलेले, परभणीच्या उन्हातही शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हळूच विचारलं, “सर, आपलेच का?”

सरांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. “खोली तुमची आहे,” ते म्हणाले. “माझं काय, मी राहणारा.”

वडील गोंधळले. आमच्या वस्तीत बाहेरचा माणूस राहायला येत नाही. म्हणजे हा आपलाच असणार. पण आपला असता तर एव्हाना सांगून मोकळा झाला असता, चार नातीही निघाली असती. ते डोकं खाजवत बसले, तेवढ्यात आई आतून हात पुसत आली.

“वर नळाला पाणी येत न्हाई,” ती म्हणाली. “खालून भरून न्यावं लागतंय. चालतंय का?”

“चालतंय,” सर म्हणाले.

आईनं किल्ली दिली. वडिलांचा प्रश्न तसाच राहिला.

कॉलेजात वेगळाच गोंधळ. सरांनी पहिल्याच दिवशी घरून स्वतःचा कप नेला होता. पांढरा, चिनी मातीचा. शिपाई चहा घेऊन आला की सर पिशवीतून कप काढायचे, चहा प्यायचे, कप धुऊन परत पिशवीत ठेवायचे. स्टाफरूममध्ये यावर दोन तट पडले. काहींचं म्हणणं, हा उच्च कुळातला आहे, आपल्या कपाला तोंड लावत नाही. बाकीच्यांचं म्हणणं, हा ‘तिकडचा’ आहे, उगाच कुणाला अवघड नको म्हणून आधीच वेगळा कप घेऊन बसलाय. दोन्ही तट त्यांच्याशी जपून वागायचे. एक तट त्यांच्यावर रागावून, दुसरा त्यांची कीव करून. दोन्हीकडचं कुणीच त्यांच्या शेजारी बसायचं नाही. मी एकदा धीर करून सरांना विचारलं, तर म्हणाले, “तिथल्या कपांचे कान तुटलेत गं. चटका बसतो.” मला ते पटलं. पुढच्या वेळी स्टाफरूममध्ये गेले तेव्हा मुद्दाम बघितलं. काही कपांचे कान तुटलेले होते, बाकीचे धड होते. मी परत गोंधळात.

वरच्या खोलीचं दार ते दिवसभर उघडं ठेवायचे. दारासमोर गच्चीवर एक जादा खुर्ची मांडलेली असायची. कुणीतरी येणार आहे असं वाटावं, अशी. पण कुणी जिना चढून आलं की सर उठून चौकटीत उभे राहायचे आणि कपाळाला आठी घालून विचारायचे, “काय काम होतं?” काम नाही, सहज आलो, असं म्हटलं तर आणखीच घुटमळायचे. खरंच सहज आलाय का, हे तपासल्यासारखं बघत राहायचे. मग एकदम बाजूला होऊन सतरंजी अंथरायचे, शेंगदाणे आणायचे, गूळ आणायचे, आणि मग माणसाला उठूच द्यायचे नाहीत. आई म्हणायची, “या माणसाला माणूस पायजे बी आणि नको बी.”

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक अमेरिकन कादंबरी होती. सरांनी आयुष्यभर बहुतेक तीच शिकवली. एका मोठ्या शेतावर राबणारे गडी. सगळे एका लांब खोलीत झोपतात. एक काळा माणूस तेवढा घोड्यांच्या बाजूला, एकटा. इतरांच्या खोलीत पत्ते रंगले की हा बाहेर. मालकाच्या सुनेशी कुणी बोलत नाही, तिला कुणी नावानं हाकही मारत नाही. एके दिवशी ती त्या काळ्या माणसाच्या दारात येते. आणि तोंडातून काय काढते? तुला फासावर चढवीन, अशी धमकी.

सर इथं आले की पुस्तक मिटायचे. “दोघंही एकटे,” म्हणायचे. “मग ती त्यालाच का चावली?”

गाईडमध्ये याचं उत्तर होतं. कुणीतरी ते घडाघडा म्हणायचं. सर मान हलवायचे. “हे मीही वाचलंय. मला खरंच कळलेलं नाही, म्हणून विचारतोय.” वर्ग हसायचा. सर हसायचे नाहीत.

पहिल्या तासाला त्यांनी आम्हाला त्या शेताचं वर्णन आमच्या भाषेत करून सांगितलं. शेतातल्या वस्तीचा आखाडा, सालगडी, मुकादम, बाजेवर पडलेला म्हातारा गडी, त्याचं कुत्रं. सगळ्यांना चित्र दिसलं. मागून एक मुलगा म्हणाला, “सर, म्हंजे हे आपल्यातलेच की.”

“आपल्यातले म्हणजे कोणातले?” सरांनी विचारलं.

वर्गात सगळे होते. पाटलांची मुलं, आम्ही, वंजाऱ्यांचे, मुसलमानांच्या दोन मुली. प्रत्येकानं पुस्तकात बघायला सुरुवात केली. त्या मुलानंही. तास संपेपर्यंत कुणी मान वर केली नाही.

त्याच वर्गात संग्राम होता. गावातल्या मोठ्या शेतीवाल्या घरातला, मोकळ्या स्वभावाचा, जरा तोंडाळ. काळ्या माणसाचा भाग चालू असताना तो म्हणाला, “सर, त्याला आत यायचं तर यायचं ना. कोणी धरून ठेवलंय का?”

सरांनी विचार केला. “बरोबर आहे,” म्हणाले. “उद्यापासून तू व्हरांड्यात बस. दार उघडं राहील. वाटलं की आत ये.” मग आमच्याकडे वळले. “त्याला कुणी बोलवायचं नाही.”

आम्हाला गंमत वाटली. संग्रामलाही. तो खिडकीखाली बाक टाकून बसला, आतल्या मित्रांना खुणा करायचा, मित्र उलट खुणा करायचे. काही दिवसांनी खुणा कमी झाल्या. एकदा वर्गात सगळे कशावरून तरी खूप हसले, संग्रामनं खिडकीतून मान आत घातली, “काय झालं? काय झालं?” कुणालाच नीट सांगता आलं नाही. त्यानंतर तो बाक थोडा लांब सरकवून बसायला लागला. दार उघडंच होतं. सर रोज तास सुरू करताना दाराकडे बघून थांबायचे. संग्राम आत यायचा नाही. का येत नव्हता हे मला कळायचं नाही. त्याचं त्यालाही कळत नसावं, कारण पुस्तक उघडून तो भलत्याच पानाकडे बघत बसलेला असायचा.

मग एक दिवस त्याचे काका आले. सोबत दोन माणसं. तास चालू असताना दारात उभे राहिले.

“आमच्या पोराला भायेर बसवायलाव म्हणं?”

“बसवलं,” सर म्हणाले. “आत येऊ नको असं म्हणालो नाही.”

“तुमी कोण?”

“इंग्रजीचा.”

“ते न्हाई. तुमी कोणाचे?”

मला वाटलं, आज कळणार. खरं सांगायचं तर त्या क्षणी सरांना मार बसेल याची भीती होती, आणि त्यांचं उत्तर ऐकायची उत्सुकताही तेवढीच होती.

“ते कळल्यावर काय कराल?” सरांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

काकांनी सोबतच्या दोघांकडे बघितलं. “मंग ठरवू की काय करायचं ते,” ते म्हणाले.

आणि ते तसेच उभे राहिले. आज मला वाटतं, त्या माणसाची खरोखर अडचण झाली होती. सर त्यांच्यातले असते तर चार शब्द सुनावून, खांद्यावर हात ठेवून विषय संपला असता. खालचे असते तर हात उचलला असता, किंवा ॲट्रॉसिटीच्या केसच्या विचारानं उचलला नसता. काहीच माहीत नसल्यामुळे त्यांना नीट रागावताही येईना. सोबतची दोन माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. व्हरांड्यातून संग्राम उठला. “काका, चला,” म्हणाला. “मला कुणी बसवलं न्हाई. मीच बसलो.”

ते गेले. संग्राम दुसऱ्या दिवशी आत येऊन आपल्या जुन्या जागी बसला.

त्या आठवड्यातच तो आमच्या गल्लीत आला. याआधी तो कधी आला नव्हता. वर्गातल्या कितीजणांना आमचं घर कुठं आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. जिन्याखाली चपला काढाव्यात की नाही या विचारात तो उभा होता. वरून सरांचा आवाज आला, “काय काम होतं?”

“काही न्हाई सर.”

संग्राम जिना चढला. मग सतरंजी झटकल्याचा आवाज आला. आईनं माझ्या हातात दोन चहा दिले. मी वर नेऊन ठेवले आणि पाणी भरायच्या निमित्तानं गच्चीवर रेंगाळले. संग्रामनं कप हातात धरला. धरूनच बसला. सर त्याला कापसाच्या बोंडअळीबद्दल विचारत होते, तो सांगत होता, वाफ कधीच संपली होती. मग त्यानं एका घोटात सगळा चहा पिऊन टाकला. चहा आमच्या घरचा म्हणून तो थांबला होता, की बोलण्यात विसरला होता? मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, “प्याला ना? मंग बास झालं.”

इथवर वाचून सर कुणाला मोठे सुधारक वगैरे वाटतील. आमच्या गल्लीला तसंच वाटायला लागलं होतं. म्हणूनच पुढं जे झालं ते जास्त मनाला लागलं. जयंतीच्या आधी मंडळाची पोरं वर गेली. मिरवणुकीआधी विहारासमोर सभा असते. तिथं सरांनी बोलावं, असं ठरलं होतं. सरांना आनंद झालेला दिसला. मग पोरांमधला एक जण म्हणाला, “पत्रिकेत ‘आपल्या समाजाचे भूषण’ असं टाकतो सर.”

“मी येतो,” सर म्हणाले. “बोलतो. तेवढं ‘आपल्या’ काढा.”

पोरं खाली उतरली ती तणतणत. “आपल्या गल्लीत राहायचं, आपल्या घरचं खायचं, आणि आपलं म्हणलं की अंगावर पाल पडती का?” वडिलांनाही लागलं. संध्याकाळी सरांना हाक मारून गप्पा मारायचं त्यांनी सोडलं. गल्लीनं सरांना ‘जय भीम’ घालणं बंद केलं. आणि आधी आपण म्हणायचं, हे तर सरांना जमतच नव्हतं. त्यामुळे ते कॉलेजातून यायचे, दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं बसलेली असायची, आणि सर मधून चालत जायचे. एक शब्द नाही. पूर्वी खोली शोधताना गावानं त्यांच्याशी असं केलं होतं. आता आम्ही करत होतो.

मला सगळ्यात जास्त राग आला होता. मला वाटलं, यांना आमची लाज वाटते. मी वर गेले. त्यांनी “काय काम” विचारायच्या आत मीच विचारलं, “सर, तुम्ही आपले आहात की नाही? आणि नसाल तर नाही म्हणून का सांगत नाही?”

सर गच्चीवरच्या खुर्चीत बसले. बोलायला गेले, थांबले. वर्गात घडाघडा इंग्रजी बोलणारा माणूस शब्द शोधत होता.

“मला सांगता येत नाही गं,” शेवटी म्हणाले. “सांगायला लागलो की भाषण होतं. आणि भाषण मला स्वतःलाच खोटं वाटतं.” मग, “तुझ्या वडिलांना वाईट वाटलं का?”

“हो.”

“मग चुकलंच माझं,” ते म्हणाले.

सभेला ते आले. पोरांनी पत्रिकेतून त्यांचं नावच काढून टाकलं होतं, परत कुणी बोलावलं नव्हतं. सगळ्यात मागे, विजेच्या खांबाला टेकून उभे राहिले आणि सगळी भाषणं ऐकली. वडिलांनी मागे वळून दोनदा बघितलं. मग उठले, स्वतःची खुर्ची उचलून मागे नेली आणि सरांसमोर ठेवली. सर बसले नाहीत. वडीलही बसले नाहीत. खुर्ची मध्ये ठेवून दोघं सभा संपेपर्यंत उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या गप्पा पुन्हा सुरू झाल्या. हे कसं मिटलं, तेही मला कळलेलं नाही.

सर रिटायर झाले तरी खोली सोडून गेले नाहीत. मी परभणीला नोकरीला लागले होते, रविवारी घरी यायचे. मागच्या हिवाळ्यात त्यांना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी हृदय कमजोर झालंय असं सांगितलं. जिना झेपेना, तेव्हा आईनं त्यांचा पलंग खाली आमच्या बैठकीत आणला. ते नको म्हणत होते. “आता तरी गप बसा,” आई म्हणाली, आणि ते गप्प बसले. ज्वारीच्या कण्या, मुगाचं वरण, जे घरात शिजेल ते आई त्यांना भरवायची.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते. बैठकीतून सरांचं बोलणं ऐकू येत होतं, अगदी हळू, थांबत थांबत. मधून आईचा ‘हूं’. असं बराच वेळ चाललं. मी हातातलं काम टाकून दाराशी आले, तेव्हा सर डोळे मिटून पडले होते आणि आई त्यांच्या पायावर पांघरूण सारखं करत होती.

ते गेले ते सकाळी, चहाच्या वेळेला.

बातमी कळली तसे लोक जमले. कॉलेजातले जुने सहकारी आले, गल्लीतले आले, पंक्चरवाले चाचा आले. संग्राम आला, तो आता शेती बघतो, गावात खताचं दुकान आहे. सगळी तयारी झाली आणि मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आमच्या गावात प्रत्येक समाजाची मसणवट वेगळी आहे. कुठं न्यायचं? सरांच्या मोबाईलमध्ये एकही नातेवाईक सापडला नाही. एक प्राध्यापक बाजूला होऊन कुजबुजायला लागले, चुकीच्या ठिकाणी नेलं आणि उद्या कुणी भांडायला आलं तर. कुणी म्हणालं, ग्रामपंचायतीला विचारू. संग्राम म्हणाला, “कुठंच जमत नसंल तर माझ्या शेतात जागा हाय.” त्यावर त्याच्याच एका चुलतभावानं त्याचा हात दाबला.

आई बाहेर आली. “कशाची वाट बघायलाव?” तिनं विचारलं. “आपल्या मसणवटीत न्या.”

मंडळातला तो जुना पोरगा, आता दोन लेकरांचा बाप, पुढं झाला. “काकू, म्हंजे सर आपलेच व्हते?”

“आमच्या घरात गेलेत,” आई म्हणाली. “आमच्या घरातलं माणूस कुठं नेत असतेत?”

वडिलांनी पुढचा खांदा दिला, दुसरा संग्रामनं. गल्लीतून निघताना दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरची माणसं उठून उभी राहिली. विहारासमोर थोडं थांबवून त्रिशरण पंचशील म्हटलं. चाचा एका बाजूला हात पसरून आपली दुआ मागत होते, त्यांना कुणी थांबवलं नाही.

नंतर, सगळे पांगल्यावर, मी आईला गाठलं. ती मागच्या दारी भांडी घासत बसली होती. मी तिच्यासमोर बसले.

“त्या दुपारी सरांनी तुला सांगितलं ना?”

“सांगितलं.”

“मग कोण होते?”

आई तवा घासत राहिली. “सांगून झाल्यावर म्हणले, वैनी, आता इसरून जावा.”

“मग?”

“मंग काय. इसरले.”

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. माझ्या आईला सगळ्या गल्लीतल्या लेकरांचे जन्म आठवतात, कोणत्या उन्हाळ्यात कुणाची विहीर आटली तेही आठवतं. ती काही विसरत नाही. तिनं तवा पालथा घातला आणि दुसरं भांडं हातात घेतलं. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. मी खूप वेळ बघितलं, पण ती खरं बोलतेय की नाही हे मला काही ओळखता आलं नाही.